क्रांतिक प्रवाहाची दिशासापेक्षता

क्रांतिक प्रवाहाची दिशासापेक्षता म्हणजे अतिसंवाहक फितीतून रोधाविना वाहू शकणारा कमाल विद्युत प्रवाह (क्रांतिक प्रवाह) चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनुसार बदलण्याचा गुणधर्म होय. नायोबियम-टायटॅनियमच्या गोल तारेला क्षेत्र कोणत्याही बाजूने काटकोनात छेदले, तरी तिच्या क्षमतेत फारसा फरक पडत नाही. बेडनॉर्झ व म्युलर यांच्या १९८६ मधील शोधातून पुढे आलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांच्या अतिसंवाहकांत मात्र हा फरक ठळक असतो.

कारण

या पदार्थांच्या स्फटिकात तांबे व ऑक्सिजन यांचे थर एकावर एक रचलेले असतात आणि अतिसंवाहन मुख्यतः या थरांमधून होते. इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची (क्रांतिक तापमान सुमारे ९२ केल्व्हिन) फीत साधारण ०.१ मिलिमीटर जाड असते. तिच्यातील अतिसंवाहक लेप जेमतेम १ ते २ मायक्रोमीटरचा असून बाकी सारे आधाराची धातूची पट्टी, चांदी व तांबे असते. लेपातील थर फितीच्या पृष्ठाला जवळपास समांतर असतात.

चुंबकीय क्षेत्र या पदार्थात सूक्ष्म भोवऱ्यांच्या रूपाने शिरते. प्रवाह वाहू लागताच भोवऱ्यांवर लॉरेंट्झ बल कार्य करते; भोवरे जागचे हलले की ऊर्जा खर्च होते व रोध निर्माण होतो. म्हणून फितीची क्षमता भोवरे किती घट्ट जखडलेले आहेत यावर अवलंबून असते.

येथे प्रवाह व क्षेत्र यांच्यातील कोनाचा शालेय नियम पुरेसा नाही. क्षेत्र फितीच्या पृष्ठाला लंब असो किंवा पृष्ठाला समांतर पण फितीच्या रुंदीच्या दिशेने असो, दोन्ही वेळा ते प्रवाहाला काटकोनातच असते. तरीही क्षमता वेगळी भरते. समांतर क्षेत्रात भोवरे थरांच्या मधोमध आडवे पडतात आणि त्यांना सरकण्यासाठी थर ओलांडावे लागतात. लंब क्षेत्रात ते थरांना छेदून उभे राहतात व रुंदीच्या दिशेने ढकलले जातात. तेथे त्यांना अडवतात ते केवळ स्फटिकातील दोष. त्यामुळे बेरियम झिर्कोनेटचे नॅनोस्तंभ लेपात मुद्दाम उभे वाढवले जातात. त्यांनी लंब दिशेतील क्षमता वाढते. तथापि ७७ केल्व्हिनला मिळालेला कोनीय आलेख ४.२ केल्व्हिनला तसाच राहत नाही, म्हणून मोजमाप वापराच्या तापमानालाच करावे लागते.

अभिकल्पनातील परिणाम

फितीच्या वेटोळ्याच्या मध्यभागी क्षेत्र सर्वांत तीव्र असते, पण तेथे ते फितीच्या पृष्ठाला समांतर असते. दोन्ही टोकांशी क्षेत्ररेषा बाहेर वळतात आणि लंब घटक वाढतो. परिणामी चुंबकाची मर्यादा बहुधा मध्यभागी नव्हे, तर टोकांशी ठरते. हे दुर्लक्षित राहिल्यास तेथे अतिसंवाहकता नष्ट होऊन फीत जळू शकते. अमेरिकेतील टॅलाहासी येथे २०१७ मध्ये ३२ टेस्ला क्षेत्र निर्माण करणाऱ्या अतिसंवाहक चुंबकाची आतील वेटोळी अशाच फितींची आहेत.

केबलमध्ये फिती गोल गाभ्याभोवती सर्पिलाकार गुंडाळल्यास प्रत्येक फितीला क्षेत्र क्रमाने सर्व कोनांतून भेटते व केबलची दिशासापेक्षता बरीच कमी होते. मात्र समांतर क्षेत्राचा लाभही त्यात गमवावा लागतो. बिस्मथयुक्त ऑक्साइडाचा बिस्मथ-२२१२ हा प्रकार गोल तारेच्या रूपात बनवता येतो. त्या तारेत ही अडचण जवळजवळ उरत नाही.