सुया-लोकरीच्या आधी : आपल्या आज्यांची पेटी



गटात स्वेटर विणायचं ठरलं की आधी सामानाची यादी होते. सुयांची जोडी, क्रोशा, लोकर, टेप, कात्री. सगळं बाजारातून येतं. पण आपण तर पऱ्हाटीच्या मुलखातल्या बाया. एके काळी आपल्याकडे धाग्याचं सगळं सामान घरात होतं. आज त्या सामानाबद्दल बोलू.

पहिली रेचा. दोन लाटांमधून कापूस सरकवला की सरकी अलीकडे पडायची, रुई पलीकडे जायची. मग पिंजारी यायचा. त्याच्या धनुकलीची तात ठोकळ्यानं छेडली की रुई फुलायची. त्या रुईचे काडीवर वळून पेळू करायचे. मग चरखा. त्याचं मोठं चाक, चाकावरची माळ आणि सूत गुंडाळणारी चाती. चरखा नसेल तिथं टकळी चालायची. शेवटी सूत अटेरणावर मोजायचं. चार फुटांचा एक तार, असे 640 तार म्हणजे एक गुंडी. ते सूत कोष्टी आणि महार विणकरांच्या मागावर जायचं.

मग हे सामान गेलं कुठं?

1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. 1867 पर्यंत रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. 1870 ला खामगावचा फाटा सुरू झाला. त्या वेळचा इंग्रज कापूस अधिकारी रिव्हेट-कार्नॅक याचा हिशेब सरळ होता. रेल्वेनं विलायती कापड स्वस्त येईल, इथलं कातणं-विणणं मागं पडेल, कापूस बाहेर जाईल आणि ती माणसं शेतमजुरीला मिळतील.

झालंही तसंच. रुईच्या गाठी गाडीत चढल्या, कापडाचे तागे उतरले. कातणारीच्या हातात उरली ती वेचणीची ओटी. 1899-1900 च्या दुष्काळात पीक बुडालं, तेव्हा पोटाला आधार देणारा घरातला दुसरा धंदा उरला नव्हता.

पुढं 1925 ला अखिल भारत चरखा संघ निघाला. 1930 च्या सुमारास येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी पेटीत मावणारा चरखा घडवून घेतला. तो काखेत मारून कुठंही नेता येई. पण मला महत्त्वाची वाटते ती 1935 ची गोष्ट. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणाऱ्या बाईला फार थोडे पैसे मिळत. गांधीजी म्हणाले, आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत. तेवढे मिळाले नाहीत, पण पोटापुरती मजुरी द्यायचं तत्त्व चरखा संघानं मान्य केलं आणि दर वाढवले.

म्हणून यादी करताना तीन रकाने ठेवा. अवजार कुणाचं, कच्चा माल कुठला, आणि आपल्या तासाचा दर किती. सुया आणि लोकरीची किंमत आपण लिहितो, पण रात्री जागून घातलेले टाके मात्र फुकट धरतो. वऱ्हाडातल्या बाईनं एकदा अवजार गमावलं आणि त्याबरोबर दर ठरवायचा हक्कही गेला. पुढच्या बैठकीत तिसरा रकाना आधी भरा.