जुन्या मोटारीचे मागील पाटे : दुरुस्ती आणि तिची मर्यादा

तंजावरहून कुंभकोणमकडे निघालेली गाडी पापनाशम् सोडल्यावर सुंदरपेरुमाळ कोयिल, स्वामीमलै आणि दारासुरम् ही स्थानके घेते. यांपैकी दारासुरम् येथे दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधविलेले ऐरावतेश्वराचे मंदिर आहे. त्याचा अग्रमंडप रथाच्या आकाराचा असून त्यास दगडी चाके व घोडे कोरलेले आहेत. या प्रदेशातील लाकडी रथांप्रमाणेच येथेही आस आणि वरचा भार यांच्यामध्ये लवचीक असे काहीच नाही. माणसांनी दोरखंडांनी ओढावयाच्या आणि चाकाखाली लाकडी ठोकळे सारून वळवावयाच्या रथास त्याची गरजही नव्हती. गरज निर्माण केली ती वेगाने.

घोडागाडीचा वेग वाढला तसे पोलादी पाटे आले. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांचे पेटंट घेतले. तंजावरात त्या वेळी दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) राज्य करीत होते. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी इतिहास त्यांनी कोरविला तो आदल्याच वर्षी, म्हणजे १८०३ मध्ये. पुढे १८८५ मध्ये कार्ल बेंझ याने मोटार बांधली, तेव्हा तिच्या मागील आसावर घोडागाडीचेच पाटे बसविले. इंजिन नवे होते, बैठक मात्र जुनी होती.

आपल्या देशातही हीच परंपरा चालली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, पुढे 'पद्मिनी' या नावाने प्रसिद्ध झालेली फियाट आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली अँबॅसडर, या दोहोंचा मागील आस पाट्यांवरच तोललेला असे. खाचखळग्यांचे रस्ते आणि माणसांचा व सामानाचा वाजवीहून अधिक भार यांमुळे अनेक मालकांनी त्यांत एखाददुसरा जादा पाटा घातला. गाडी मागून उंच झाली, कडक झाली आणि बसणाऱ्यांची हाडे खिळखिळी होऊ लागली.

यावरून हे ध्यानी येईल की जुन्या गाडीची मागील बाजू 'खाली आणणे' या एकाच शब्दप्रयोगात दोन भिन्न कामे दडलेली आहेत. पहिले काम म्हणजे नंतर घातलेला पाटा काढून गाडीस मूळ उंचीवर आणणे. हा जीर्णोद्धार होय. दुसरे म्हणजे केवळ दिमाखासाठी तिला मूळ उंचीहूनही बसकी करणे. त्यासाठी आस व पाटे यांच्यामध्ये ठोकळा घालतात, पाट्यांचा बाक उतरवितात किंवा सांगाडाच कापतात. मग आस सांगाड्यावर आदळतो, चाक मडगार्डला घासते आणि मागे शक्ती नेणाऱ्या दांड्याचा कोन बिघडतो.

दुरुस्तीचा क्रमही शास्त्रशुद्ध असावा. सपाट जमिनीवर, चारही चाकांत योग्य हवा भरून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस मोजावे व ते निर्मात्याच्या पुस्तिकेशी ताडून पाहावे. सांगाड्यास भक्कम आधार दिल्यावाचून, नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली शिरू नये. पाटे सुटे करून गंज काढावा. तडा गेलेला पाटा टाकून द्यावा. झिजलेले बुश, शॅकलच्या पिना आणि यू बोल्ट नवे घालावेत. बसलेल्या पाट्यास पुन्हा बाक द्यावयाचा तर भट्टीत तापवून ठोकणे पुरेसे नाही. त्यास रीतसर पाणी द्यावे लागते, नाही तर पोलादाचा जीव जातो. एकाच बाजूचे पाटे बदलले तर गाडी कलते. म्हणून दोन्ही बाजूंचे काम एकदमच करावे.

कायद्यानेही हा भेद मानला आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. म्हणजे हौसेपोटी सांगाड्यावर चालविलेली करवत गाडीचा हा मानच हिरावून घेऊ शकते. कोल्हापूरच्या शाही दसऱ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार निघते, तेव्हा हजारो डोळे तिच्याकडे वळतात ते ती आजच्या गाड्यांसारखी दिसते म्हणून नव्हे, तर तशी दिसत नाही म्हणून.

बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी अक्षरांवर साचलेली धूळ पुसणे हे आपले कर्तव्य आहे. ती अक्षरे आपल्या आवडीच्या वळणाने पुन्हा कोरण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. पूर्वजांचा ठेवा मग तो शिलालेख असो, बोलीभाषा असो वा मोटार, त्यास हात लावताना हाच विवेक बाळगला पाहिजे. पन्नास वर्षे हा वारसा सांभाळीत आलेल्या मंडळास आम्ही याहून वेगळे काय सांगावे?