'मॉडरेट' म्हणजे नक्की किती?

अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मन गावी 'स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर' आहे. मोठी वादळं कुठे उठतील याचा रंगीत नकाशा ते रोज काढतं. ऑक्टोबर २०१४ पर्यंत त्यात धोक्याच्या तीनच पायऱ्या होत्या: स्लाइट, मॉडरेट, हाय. गोची 'स्लाइट'ची. साधी गारपीट आणि टोर्नेडोची बऱ्यापैकी शक्यता, दोन्ही त्याच खणात! म्हणून त्याच्या खाली 'मार्जिनल' आणि वर 'एन्हान्स्ड' घातलं. झाल्या पाच.

तज्ज्ञांना हा क्रम पाठ. सामान्य माणसाचं तसं नाही. अनेकांना 'एन्हान्स्ड' हे 'मॉडरेट'च्या वरचं वाटतं, असं पाहण्यांत दिसलं. प्रत्यक्षात एन्हान्स्ड तिसरं, नारिंगी. मॉडरेट चौथं, लाल. म्हणजे ज्या दिवशी तळघर आवरून ठेवायचं, त्याच दिवसाचं नाव 'मध्यम'! असं एनम कोणी कोडमध्ये लिहिलं असतं तर मी रिव्ह्यूतच अडवलं असतं.

आता शब्दाशेजारी १ ते ५ आकडा असतो. माझ्या मते खरा उपयोग त्याचाच. आपल्याकडचे यलो, ऑरेंज, रेड अलर्ट त्या मानाने बरे, रंग हेच नाव.