स्पर्धेचे रिव्हॉल्व्हर आणि नळीबदल

नेमबाजीच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या रिव्हॉल्व्हरची नळी बदलणे ही शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायातील अत्यंत नाजूक कामगिरी मानली जाते. वरवर पाहता आट्यांची जुनी नळी फिरवून काढायची आणि नवी बसवायची, एवढाच हा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागातील चूकही शस्त्राची अचूकता घालवू शकते, आणि प्रसंगी नेमबाजाच्या किंवा शेजारी उभ्या असलेल्या स्पर्धकाच्या जिवावर बेतू शकते.

पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत एक मूलभूत फरक आहे. पिस्तुलात काडतूस नळीच्याच मागच्या कोठीत बसते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या सिलिंडरमध्ये असतात आणि गोळीला सिलिंडरमधून निघून एक छोटी फट ओलांडून नळीत शिरावे लागते. ही फट आणि तिच्या पुढे नळीच्या तोंडाशी असलेला नरसाळ्यासारखा निमुळता भाग, या दोन जागांवर रिव्हॉल्व्हरची अचूकता बव्हंशी अवलंबून असते. नळीबदलाच्या कामातील सारी मेहनतही याच दोन जागांवर खर्ची पडते.

अमेरिकी पोलिसांची परंपरा

नळी बदलण्याची कला सर्वाधिक बहरली ती अमेरिकेत, पोलिसांसाठी सुरू झालेल्या ‘पीपीसी’ नावाच्या स्पर्धांमुळे. या स्पर्धांत ७, १५, २५ आणि ५० यार्डांवरून गोळीबार करावा लागतो. मोठ्या सामन्यात १५० फैरी आणि १५०० गुण असतात. त्या काळी अमेरिकी पोलिसांच्या कमरेला रिव्हॉल्व्हरच असे, त्यामुळे स्पर्धाही त्याच शस्त्राच्या होत. जवळच्या अंतरावर कारखान्यातील नळी पुरेशी ठरे. खरी परीक्षा ५० यार्डांवर होई.

या स्पर्धकांची पसंती ०.३८ कॅलिबरच्या, सपाट तोंडाच्या, मऊ शिशाच्या १४८ ग्रेन वजनाच्या ‘वॉडकटर’ गोळीला होती. ही गोळी कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही. मात्र तिचा वेग कमी असतो आणि लांब अंतरावर ती स्थिर राहण्यासाठी तिला पुरेशी फिरकी मिळावी लागते. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या नळीतील पेच पावणेएकोणीस इंचांत एक फेरा पूर्ण करतात. कोल्ट कंपनीच्या ‘पायथन’ रिव्हॉल्व्हरमध्ये तोच फेरा १४ इंचांत, आणि तोही डावीकडे, पूर्ण होतो. त्यामुळे अनेक कारागिरांनी स्मिथ अँड वेसनची मूळ नळी काढून तिच्या जागी १४ किंवा १० इंचांत फेरा घेणारी जाडजूड नळी बसवण्यास सुरुवात केली. सुमारे एक इंच व्यासाच्या या नळीला ‘बुल बॅरल’ म्हणतात. पुढच्या बाजूस वाढलेल्या वजनामुळे झटका कमी बसतो आणि नेम धरताना हात कमी थरथरतो.

काही हौशी मंडळींनी तर स्मिथ अँड वेसनच्या सांगाड्यावर कोल्ट पायथनचीच नळी चढवली. या संकरित शस्त्राला ‘स्मायथन’ असे गमतीदार नाव पडले. १९५५ साली बाजारात आलेल्या पायथनची नळी उत्तम, तर स्मिथ अँड वेसनच्या चापाची हालचाल अधिक सुबक, असे या मंडळींचे मत होते. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या गुणांचा हा विवाह लावण्यासाठी आट्यांपासून सारे काही नव्याने कापावे लागे, हे निराळे सांगायला नको.

आट्यांचे गणित

स्मिथ अँड वेसनच्या नळीला एका इंचात ३६ आटे असतात. म्हणजे नळी एक पूर्ण फेरा फिरली की ती सुमारे ०.७ मिलिमीटर पुढे सरकते. पाव फेऱ्याला हे अंतर ०.१८ मिलिमीटरच्या आसपास येते. नवी नळी हाताने आवळल्यावर तिची माशी क्वचितच बरोबर वर येते. ती अलीकडेच थांबली, तर नळीचा सांगाड्याला टेकणारा खांदा लेथवर किंचित कमी करावा लागतो. हे काम एका दमात होत नाही. थोडे कापायचे, बसवून पाहायचे, पुन्हा काढायचे, असा क्रम चालतो. नळी हाताने आवळल्यावर माशी सरळ रेषेच्या थोडी अलीकडे राहावी आणि शेवटचा भाग पान्ह्याच्या जोराने पूर्ण व्हावा, हे साधावे लागते. हा ताणच नळीला जागेवर धरून ठेवतो. पूर्वी स्मिथ अँड वेसन नळीत आडवी खीळही ठोकत असे; १९८२ च्या सुमारास ती पद्धत बंद झाली.

माशी सरळ उभी राहण्याला एवढे महत्त्व का, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. माशी आणि मागील खाच यांत २०० मिलिमीटर अंतर धरल्यास, माशीचा माथा अर्धा मिलिमीटर बाजूला कलला की २५ मीटरवरील छेद सुमारे ६२ मिलिमीटर सरकतो. आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५० मिलिमीटर असतो. म्हणजे नेमबाजाची काहीही चूक नसताना गोळी आठच्या पट्ट्यात जाते. मागील खाच सरकवून हा दोष झाकता येतो, परंतु चांगला कारागीर त्यावर समाधान मानत नाही.

नळी जोराने आवळण्याचा आणखी एक परिणाम होतो. आट्यांच्या भागात नळीचे भोक किंचित आवळले जाते. मऊ शिशाची गोळी तेथे दबते आणि पुढच्या मोकळ्या भागात सैलपणे धावते. परिणामी अचूकता घटते आणि नळीत शिसे साचू लागते. त्यामुळे भोकाचे माप घेणे आणि गरज पडल्यास तो भाग घासून सारखा करणे, हाही कामाचा भाग ठरतो.

फट आणि नरसाळे

नळी सरळ बसल्यानंतर तिचे मागचे टोक सिलिंडरच्या तोंडापासून ठरावीक अंतरावर आणले जाते. ही फट साधारणपणे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर असावी, असा संकेत आहे. फट फार कमी ठेवली, तर काही फैरींनंतर तापलेला व काजळीने माखलेला सिलिंडर घासू लागतो आणि वेळेच्या मर्यादेत होणाऱ्या सामन्यात चाप अडतो. फट जास्त राहिली, तर तप्त वायू आणि शिशाचे कण बाजूंना उडतात. रिव्हॉल्व्हर झाडताना बोटे सिलिंडरच्या पुढे नेऊ नयेत, हा नियम याच फटीमुळे आहे.

या टप्प्यावर चूक दुरुस्त करणे अवघड असते, कारण कापलेला धातू परत येत नाही. फट प्रमाणाबाहेर गेली, तर खांदा आणखी कापून नळी एक पूर्ण फेरा आत घ्यावी लागते आणि मागचे टोक पुन्हा छाटावे लागते. नळीखाली सिलिंडरच्या दांड्याला अडकवणारी कडी असते. तिचीही जागा त्यामुळे बिघडते. बुल बॅरल बसवणाऱ्या अनेक कारागिरांनी ही कडीच काढून टाकली आणि सिलिंडर बंद ठेवण्यासाठी सांगाड्यात स्प्रिंगवरील छोटी गोळी बसवली.

ही फट मुळातच नाहीशी करण्याचा प्रयत्नही झाला आहे. रशियाने १८९५ साली स्वीकारलेल्या नागां रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा चढताच सिलिंडर पुढे सरकून नळीला चिकटतो. पुढे सोव्हिएत काळात तुला येथील कारखान्याने याच तत्त्वावर ‘तोझ-३६’ आणि ‘तोझ-४९’ ही खास स्पर्धेची रिव्हॉल्व्हर तयार केली.

फटीनंतर नरसाळ्याचा क्रम लागतो. गोळी तिरकस आत शिरली, तरी तिला सावरून मध्यावर आणण्याचे काम हा भाग करतो. शिशाच्या गोळ्यांसाठी ११ अंशांचा उतार अनेक कारागीर पसंत करतात. अर्थात, सिलिंडरची कोठी नळीसमोर नीट थांबत नसेल, तर नवी नळी बसवूनही काही साध्य होत नाही. त्यामुळे नळीतून बेताच्या मापाचा गज घालून सहाही कोठ्या तपासल्या जातात. सिलिंडरचा दोष नळीच्या माथी मारून खर्चात पडणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

नळी बदलण्याची वेळ नेहमी हौसेनेच येते असे नाही. स्मिथ अँड वेसनच्या मध्यम आकाराच्या ‘के’ सांगाड्यात सिलिंडरच्या कण्याला जागा देण्यासाठी नळीच्या मागच्या टोकाची खालची बाजू सपाट छाटलेली असते. तेथे धातू पातळ राहतो. हलक्या, वेगवान ०.३५७ मॅग्नम काडतुसांचा सतत वापर केल्यास नेमक्या याच जागी तडा जाण्याचे प्रकार घडले आहेत. हलक्या वॉडकटर काडतुसांवर मात्र हीच नळी हजारो फैरी निमूटपणे सोसते.

सर्वांत महागात पडणारी चूक असते ती जुनी नळी काढताना. सिलिंडरच्या मोकळ्या चौकटीत लाकडी दांडा अडकवून सांगाडा पिळण्याची पद्धत जुन्या काळी सर्रास वापरली जाई. तिच्यामुळे सांगाडा कायमचा वाकतो आणि मग नळीच काय, संपूर्ण शस्त्र निकामी होते. सांगाड्याच्या आकाराचे ठोकळे असलेला खास पान्हा आणि नळी धरणारा मजबूत व्हाइस नसेल, तर या कामाला हातच लावू नये, असे जाणकार सांगतात.

बदलत्या नळ्यांची कल्पना

या साऱ्या कटकटीवर तोडगा काढला तो डॅन वेसन कंपनीने. स्मिथ अँड वेसनच्या संस्थापकांपैकी एकाच्या पणतूने १९६८ साली ही कंपनी स्थापन केली. तिच्या रिव्हॉल्व्हरमध्ये आतील बारीक नळी आणि बाहेरचे आवरण वेगवेगळे असते. माशी आवरणावर असल्याने नळी कोठेही थांबली तरी चालते. फटीत मापाची पातळ पट्टी ठेवून नळी फिरवायची आणि पुढच्या टोकाला नट आवळायचा, की काम संपले. दोन्ही टोकांना ताणलेली ही नळी अचूकही ठरली. धातूच्या आकृत्या पाडण्याच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत या रिव्हॉल्व्हरने चांगले नाव कमावले. पुढे स्मिथ अँड वेसननेही काही नमुन्यांत दोन भागांची नळी स्वीकारली. मात्र ती कारखान्याच्या खास हत्याराशिवाय निघत नसल्याने स्वतंत्र कारागिरांच्या उपयोगाची राहिली नाही.

नियम आणि भारतातील स्थिती

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या २५ मीटर सेंटर फायर प्रकारात ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर कॅलिबरची शस्त्रे चालतात. नळीची लांबी १५३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे बंधन आहे, सहा इंची नळी (१५२.४ मिलिमीटर) त्यात जेमतेम बसते. चापाला किमान १००० ग्रॅम दाब लागला पाहिजे. नळी बदलल्यास शस्त्र या मापांत राहते की नाही, हे स्पर्धेपूर्वीच्या तपासणीत पाहिले जाते. याच प्रकारात जसपाल राणा यांनी १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तर २००६ साली दोहा येथे ५९० गुणांसह विश्वविक्रमाशी बरोबरी केली. अव्वल स्पर्धांत आता रिव्हॉल्व्हरची जागा बहुतांशी अर्धस्वयंचलित पिस्तुलांनी घेतली आहे.

या प्रकारात लोकप्रिय असलेले ०.३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस भारतीयांना अपरिचित नाही. कानपूर येथे तयार होणारे आणि परवानाधारकांकडे आढळणारे ०.३२ रिव्हॉल्व्हर हेच काडतूस वापरते. मात्र मधोमध मोडून उघडणारे ते शस्त्र स्वसंरक्षणासाठी आहे. स्पर्धेच्या कामाचे नव्हे.

देशातील नेमबाजीची संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ साली स्थापन झाली. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे संस्थापक. मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घराण्यातल्या, अहमदाबादेत कारकीर्द घडवलेल्या मावळंकरांच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरवली जाते.

भारतात नळीबदलाचे काम घरी करून पाहण्याची मुभा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ या संज्ञेत सुट्या भागांचाही समावेश असल्याने नळी हीदेखील शस्त्र ठरते. शस्त्रांची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती आणि चाचणी यांसाठी कलम ५ नुसार स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरेसा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनास किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. त्यामुळे नेमबाजाने परवानाधारक शस्त्रदुरुस्ती व्यावसायिकाकडेच हे काम सोपवावे लागते आणि नवी नळी मागवण्यापूर्वी आवश्यक त्या परवानग्या घ्याव्या लागतात.