वेल्समधील कोळसाखाणींचे ढिगारे : लक्ष ठेवायचे ते पाण्यावर

कार्डिफहून ए-४७० महामार्गाने मर्थर टिडव्हिलकडे जाताना पलीकडच्या उतारावर पांढऱ्या कमानींची एक रांग दिसते. ती अ‍ॅबरव्हॅनची दफनभूमी (इंग्रजी अक्षरांवरून आपल्यापैकी बरेच जण 'अ‍ॅबरफॅन' म्हणतात). २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास गावामागील डोंगरावरचा खाणकचऱ्याचा ढिगारा क्रमांक ७ घसरला आणि पँटग्लास शाळेवर व शेजारच्या घरांवर आला. १४४ जण दगावले. त्यांत ११६ मुले होती.

येथे 'टिप' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या ढिगाऱ्यांत कोळशाबरोबर वर आलेला दगड, ठिसूळ शेल आणि कोळसा धुताना उरलेला बारीक गाळ असतो. अरुंद खोऱ्यांत सपाट जमीन दुर्मीळ. ती वस्तीला आणि रेल्वेला गेली व कचरा डोंगरमाथ्यावर चढवला गेला. असा ढिगारा उभा राहतो तो कणांच्या परस्पर घर्षणावर. कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की वरच्या वजनाचा काही भार ते पाणी पेलू लागते. कण एकमेकांवर पूर्वीइतके दाबले जात नाहीत आणि घर्षण घटते. सैल, बारीक व पाण्याने तुडुंब भरलेला थर एकदा हलला, तर तो घन पदार्थासारखा न वागता द्रवासारखा वाहू लागतो. अ‍ॅबरव्हॅनला हेच घडले.

क्रमांक ७ चा ढिगारा १९५८ पासून रचला जात होता, आणि तोही झऱ्यांवर. हे झरे ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशांवर छापलेले होते. १९४४ मध्ये शेजारचा क्रमांक ४ घसरला होता. १९६३ मध्ये हाच ढिगारा सरकला होता. त्या सकाळी कामगारांना माथा कित्येक फूट खचलेला दिसलाही. लॉर्ड जस्टिस एडमंड डेव्हिस यांच्या न्यायाधिकरणाने १९६७ मध्ये नॅशनल कोल बोर्डाला दोषी ठरवले. ढिगारे कोठे व कसे रचावेत याचे धोरणच बोर्डाकडे नव्हते. उपकरणांच्या अभावापेक्षा हा अभाव मोठा होता, असे म्हणणे भाग आहे.

आज देखरेखीची साधने पुष्कळ आहेत. ढिगाऱ्यात छिद्र घेऊन बसवलेला पिझोमीटर आतील पाण्याचा दाब सांगतो. इन्क्लिनोमीटरच्या नळीवरून कोणत्या खोलीवर थर सरकतो आहे ते कळते, तर टिल्टमीटर पृष्ठभागाचा कल मोजतो. विमानातून घेतलेल्या लिडार प्रतिमांत झाडोऱ्याखालील जमिनीचा आकार उमटतो, आणि उपग्रहीय रडारच्या क्रमवार प्रतिमांवरून काही मिलिमीटरची हालचालही ताडता येते, जरी दाट गवत-झाडी असलेल्या उतारावर तो संकेत पुसट होतो. तरीही चालत जाऊन केलेल्या पाहणीला पर्याय नाही. अनुभवी अभियंता माथ्यावरील ताणाच्या भेगा, पायथ्याचा फुगवटा, वाकलेली झाडे व कुंपणे आणि जेथे पूर्वी ओल नव्हती तेथे उगवलेली लव्हाळी शोधतो. पाऊस असताना गेल्यास उत्तम. कोरड्या दिवशी चर कसे वागतात हे दिसत नाही.

निचऱ्याचे वाचन मात्र सावधपणे करावे लागते. ढिगाऱ्याच्या वरच्या बाजूचा चर डोंगरावरून येणारे पाणी आत शिरण्याआधीच वळवतो. खालचे दगडी निचरे आत मुरलेले पाणी बाहेर काढतात. तोंडाशी स्वच्छ पाणी वाहत असेल तर व्यवस्था चालू आहे. पाणी एकाएकी गढूळ झाले, तर आतील बारीक कण वाहून जात असावेत. मुसळधार पावसानंतरही तोंड कोरडे राहिले, तर ती अधिक चिंतेची बाब, कारण पाणी आतच साठत असण्याची शक्यता असते. जाळीत अडकलेला पालापाचोळा किंवा चरावरून मोटारसायकली नेणारे हौशी स्वार, यांसारखी क्षुल्लक कारणेही चर निकामी करतात.

अ‍ॅबरव्हॅननंतर १९६९ चा टिप्स कायदा आला. पण तो चालू खाणी डोळ्यांसमोर ठेवून रचलेला होता. खाणी बंद झाल्या, ढिगारे राहिले. फेब्रुवारी २०२० मध्ये डेनिस वादळानंतर ऱ्हाँदा खोऱ्यातील टायलर्सटाउनचा ढिगारा नदीत कोसळला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्ट वादळात कुमटिलरी येथे पुन्हा तसेच घडले आणि सुमारे ४० घरे रिकामी करावी लागली. तेथील ढिगारा सर्वोच्च जोखमीच्या 'डी' वर्गात नोंदलेला होता, म्हणजे नोंद होती, पाहणीही होत होती. यादीत नाव असणे आणि उतार सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेल्समध्ये अडीच हजारांहून अधिक बंद ढिगारे आहेत; त्यांतील सुमारे ३५०'सी' व 'डी' या वर्गांत मोडतात. 'सी'ची वर्षातून किमान एकदा, 'डी'ची दोनदा पाहणी होते. २०२५ च्या नव्या वेल्श कायद्याने यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापण्याची तरतूद केली असून ते एप्रिल २०२७ पासून काम सुरू करणार आहे. अनेक ढिगारे खासगी मालकीचे असल्याने खर्च कोणी करायचा, हा वाद जुनाच. अ‍ॅबरव्हॅनचे उरलेले ढिगारे हटवण्यासाठी आपद्ग्रस्तांच्या मदतनिधीतूनच १,५०,००० पौंड घेतले गेले होते. ते १९९७ मध्ये, व्याजाशिवाय, परत मिळाले.

चंद्रपूर-वणी पट्ट्यातून आलेल्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. तेथे उघड्या खाणींभोवतीच्या ढिगाऱ्यांत काळी कापूसमाती मिसळते किंवा त्यांच्या तळाशी राहते. ओली झाली की तिची पकड सुटते, म्हणून पावसाळ्यातील निचरा तेथेही कळीचा.

दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत घर घेणाऱ्यांनी वेल्श सरकारचा ढिगाऱ्यांचा ऑनलाइन नकाशा पाहावा आणि वकिलाकडून खाणविषयक शोधअहवाल मागवावा. जवळ ढिगारा असेल तर त्याचा वर्ग, मालक आणि शेवटच्या पाहणीची तारीख विचारावी. राहायला गेल्यावर पायथ्याशी नवा झरा, गढूळ पाणी किंवा भेग दिसल्यास स्थानिक परिषदेला अथवा मायनिंग रेमेडिएशन ऑथॉरिटीला (२०२४ पर्यंतची कोल ऑथॉरिटी) लगेच कळवावे. त्यांची मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.