१८ जुलै : सदुसष्ट मिनिटांपलीकडचे मंडेला

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नोव्हेंबर २००९ मध्ये १८ जुलै हा नेल्सन मंडेला यांचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय दिन म्हणून घोषित केला. मंडेलांनी सार्वजनिक कार्याला ६७ वर्षे दिली, म्हणून त्या दिवशी प्रत्येकाने ६७ मिनिटे समाजासाठी द्यावीत असा प्रघात पडला. कुणी शाळेच्या भिंती रंगवतो, कुणी अन्नवाटप करतो. यात वावगे काहीच नाही. परंतु ज्या व्यवस्थेशी हा माणूस झुंजला, तिचा चेहरा या मिनिटांत दिसत नाही. तो पाहायचा तर तुरुंगाकडेच वळावे लागते.

जून १९६४ मध्ये रिव्होनिया खटल्यात आठ जणांना जन्मठेप झाली. खटला एक, शिक्षा एक. वागणूक मात्र तीन तऱ्हांची. डेनिस गोल्डबर्ग गोरे, म्हणून त्यांना प्रिटोरियाच्या तुरुंगात ठेवले. बाकीचे रॉबेन बेटावर. तिथे भारतीय वंशाच्या अहमद कथराडा यांना लांब विजार आणि पाव. मंडेला, वॉल्टर सिसुलू यांना आखूड विजार आणि पावाऐवजी मका. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला 'तू पोरगाच' हे रोज बजावण्याची ती सोय होती. सुरुवातीला सहा महिन्यांतून एक पत्र, एक भेट. १९६८ मध्ये आई गेली, १९६९ मध्ये थोरला मुलगा. अंत्यविधीला जाण्याची परवानगी दोन्ही वेळा नाकारली गेली.

म्हणूनच डिसेंबर २०१५ चा ठराव मला अधिक मोलाचा वाटतो. त्या वेळी आमसभेने कैद्यांच्या वागणुकीविषयीचे सुधारित किमान नियम मंजूर केले आणि २७ वर्षे कैद भोगलेल्या मंडेलांचे नाव त्यांना दिले. वंश, वर्ण, धर्म यांवरून भेदभाव नको. सलग १५ दिवसांहून अधिक एकांतकोठडी नको, असे हे नियम सांगतात. कैदी हा समाजाचाच घटक आहे, याची आठवणही १८ जुलैला करून द्यावी, असे त्याच ठरावात नमूद आहे.

हे नियम कोणत्याही देशावर कायद्याने बंधनकारक नाहीत. ते पाळले जातात की नाही, हे भिंतीबाहेरच्या माणसांनी विचारत राहण्यावरच अवलंबून आहे. भिंत रंगवणे सोपे असते. तिच्या पलीकडे काय चालले आहे, हे विचारणे अवघड. १८ जुलैचे खरे काम ते दुसरे आहे.