खंडणी कोणाला दिली?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अकोल्याचा एप्रिल ज्यांनी सोसला आहे, त्यांना दुपारी बारा ते तीन या वेळेबद्दल वेगळे काही सांगायला नको. साठेक वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी आमच्या शेजारच्या सिस्टर, म्हणजे दवाखान्यातल्या नर्सबाई, पांढरे पातळ नेसून छत्री घेऊन निघाल्या. आमच्या आजीने त्यांना ओट्यावरून हटकले, "एवढ्या उन्हाची कुठं चालली वं बाई?"

तो गुड फ्रायडे होता. मराठी ख्रिस्ती लोक त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात. येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर त्या दिवशी तीन तास प्रार्थना आणि प्रवचने चालतात. सिस्टरने तसे सांगितले. आजी म्हणाली, "माणूस मेला, अन् शुक्रवार उत्तम कसा?"

"तो आमच्या पापासाठी मेला, आजी."

"ज्याचं त्यालेच भोगा लागते बाई. एकाचं दुसऱ्याच्यानं कसं फिटीन?"

सिस्टर नुसत्या हसल्या आणि गेल्या. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. पुढे इतिहास शिकवण्याची नोकरी लागली आणि वाचता वाचता कळले, की आमच्या निरक्षर आजीचा प्रश्न फार जुना आहे.

मुळात क्रूस ही शिक्षा कशी होती ते ध्यानात घेतले पाहिजे. रोमन लोक ती गुलामांना आणि बंडखोरांना देत. इ. स. पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर त्याच्या सहा हजार माणसांना त्यांनी रस्त्याच्या कडेने असेच क्रुसांवर टांगले होते. येशूला रोमन सुभेदार पिलात याच्या हुकमाने हीच शिक्षा झाली, तो काळ साधारण इ. स. ३० च्या आसपासचा. अशा बदनामीच्या मरणाला कोणी तारण म्हणावे, हे ऐकणाऱ्यांना वेडेपणाचे वाटते, ही कबुली खुद्द संत पौलाने आपल्या पत्रात दिली आहे.

मग त्या मरणाचा अर्थ लावायचा कसा? पहिले अनुयायी यहुदी होते. त्यांच्यापुढे वल्हांडण सणाचे कोकरू होते, मंदिरातले यज्ञबळी होते आणि बाजारात किंमत मोजून सोडवले जाणारे गुलामही होते. यातूनच त्यांनी शब्द घेतले. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपल्या मरणाला जो शब्द वापरतो, तो मूळ ग्रीकमध्ये गुलाम किंवा युद्धकैदी सोडवण्याच्या किमतीचा आहे. मराठी बायबलात तिथे शब्द आहे 'खंडणी'.

हा शब्द वऱ्हाडी माणसाच्या कानात कसा वाजला असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. अठराव्या शतकात आपल्याकडे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. दोघांचेही वसुलीवाले गावात येत, आणि ते कमी पडले म्हणून पुढे पेंढारी येत. १८०३ मध्ये अडगावची लढाई झाली, गाविलगड पडला, तरी गावकऱ्याची सुटका लगेच झाली नाही. खंडणी म्हणजे जबरदस्तीने उकळलेला पैसा, हेच इथल्या माणसाला ठाऊक. मग देवाच्या पुत्राने खंडणी दिली, तर ती घेणारा पेंढारी कोण? माझ्या मते इथे 'सोडवणुकीचे मोल' असे काही म्हटले असते, तर पुष्कळ गैरसमज टळले असते.

पण गंमत अशी, की हाच प्रश्न ख्रिस्ती पंडितांनाही छळत होता. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने उत्तर दिले, की खंडणी सैतानाला दिली. चौथ्या शतकात नाझियान्झसचा ग्रेगरी त्यावर उसळला. लुटारूला देवाकडून मोबदला मिळावा, ही कल्पनाच त्याला असह्य झाली. पुढे अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्मने हिशेबच बदलला. माणसाने पापाने देवाचा मान हिरावला, ते देणे माणसावर आहे, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून देव माणूस झाला. धर्मसुधारणेच्या काळात कॅल्विनने मानाच्या जागी न्यायाची शिक्षा आणली. अँसेल्मनंतरच्या पिढीतल्या पॅरिसच्या आबेलारने मात्र वेगळा रोख धरला. ते मरण म्हणजे देवाच्या प्रेमाची परिसीमा, ती पाहून माणसाचे मन पालटते, असे तो म्हणाला. सर्व पंथांना मान्य असलेल्या जुन्या मतांगिकारात यातला एकही खुलासा पक्का केलेला नाही. तिथे एवढेच आहे, की तो आमच्यासाठी क्रुसावर गेला.

मराठीत हे सांगू जाणाऱ्याची अडचण आणखी मोठी होती. 'प्रायश्चित्त' म्हणावे, तर ते आपल्याकडे ज्याचे त्यानेच घ्यायचे. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत होते. त्या जमान्यातल्या अशा वादांत कर्माचा मुद्दा पुन्हा पुन्हा येतो. आमच्या आजीने ओट्यावर बसून मांडला तोच.

'बळी' या शब्दाची कथा तर फारच वेगळी. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त येशूची सांगड बळीराजाशी घातली. वामनाने पाताळात घातलेला आपला बळी आणि क्रुसावर दिलेला तिकडचा बळी. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पापाची फेड त्यांना त्या मरणात दिसली नाही, त्यांना दिसला रंजल्यागांजल्यांचा कैवारी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात या शब्दाची तिसरीच बाजू आहे : हा बळी एकदाच आणि कायमचा, यापुढे बोकड-वासरे कापायचे कारण उरले नाही. पशुहत्येविरुद्ध कीर्तनांतून आयुष्यभर बोललेले गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले. ते या पत्राच्या वाटेने आले नव्हते, पण तिथे पोचले होते.

आता पुन्हा अकोल्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकोला हे अमेरिकेतल्या अलायन्स मिशनचे वऱ्हाडातले मोठे ठाणे होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनने अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. पोटासाठी धर्म बदलला, असा टोमणा तेव्हापासून आहे. काहींच्या बाबतीत तो खराही असेल. पण उपाशी पोराला तो टोमणा मारणे मला कधी जमले नाही.

त्या शुक्रवारी साडेतीनला सिस्टर परतल्या. दिवसभराचा उपास होता, चेहरा उन्हाने लाल झाला होता. आजीने त्यांना ओट्यावर बसवून कैरीच्या पन्ह्याचा पेला दिला. मग सिस्टर आपण होऊन बोलल्या. त्यांचे आजोबा त्याच दुष्काळात मिशनच्या आवारात आलेले पोर. आई बरोबर निघाली होती. मिळेल तो तुकडा तिने वाटेत पोराला दिला आणि खाल्ला म्हणून सांगितले. अकोल्याच्या अलीकडेच ती गेली.

"एकाचं पाप दुसऱ्याच्या अंगावर कसं जाते, ते मले नाही सांगता येत आजी," सिस्टर म्हणाल्या. "पण आजोबाले कोणी येशूचं मरण समजावून सांगितलं नाही. ते म्हणत, मले ठाऊक हाये."

आजी काही बोलली नाही. तिने पेला पुन्हा भरला.

पुढल्या वर्षी होळी झाल्याबरोबर तिने सिस्टरला विचारून ठेवले, यंदा तुमचा तो शुक्रवार कधी येते म्हणून. त्या दिवशी सकाळीच तिने कैऱ्या उकडायला घातल्या.